नव्या वर्षाचा पहिला सराव : कराटे
(इयत्ता चौथी)



१ जानेवारी जवळ आली की आपल्या शाळेत संकल्पाच्या चिठ्ठ्या लिहितात. गुरुजी प्रत्येकाला कागदाचा एक तुकडा देतात. त्यावर 'मी रोज पहाटे पाच वाजता उठेन', 'मी रोज दहा ओळी शुद्धलेखन लिहीन', 'मी खोटे बोलणार नाही' असे लिहून तो कागद फळ्याच्या बाजूला चिकटवतात. मग संक्रांत येते. तिळगूळ वाटून झाल्यावर गुरुजी विचारतात, "किती जणांचा संकल्प चालू आहे? हात वर करा." मागच्या वर्षी वर्गात तीन हात वर आले. त्यातला एक पाणी प्यायला जाऊ का, असं विचारायला आला होता.

यंदा चिठ्ठ्या लिहायच्या नाहीत असे ठरले आहे. त्याऐवजी १ जानेवारीपासून ११ जानेवारीपर्यंत शाळेच्या पटांगणात रोज पहाटे कराटेचा सामुदायिक सराव होणार आहे. ही पद्धत आपल्या गावाने काढलेली नाही. ती जपानची आहे. तिची माहिती मी या लेखात देणार आहे. ही माहिती मला आमच्या गावच्या ताईने सांगितली. ताई तालुक्याच्या कॉलेजात शिकते आणि तिथेच कराटे शिकते. तिचा पट्टा तपकिरी आहे. काळ्याच्या खालचा तपकिरी असतो. बाकीची माहिती तिने आणलेल्या पुस्तकातून मी वहीत उतरवून घेतली.

कराटेचा जन्म ओकिनावा नावाच्या बेटावर झाला. भूगोलाच्या नकाशात जपानच्या खाली समुद्रात बारीक बारीक ठिपके दिसतात, त्यातला एक मोठा ठिपका म्हणजे ओकिनावा. पूर्वी तिथे र्युक्यू नावाचे वेगळे राज्य होते. १८७९ साली ते जपानचा एक जिल्हा झाले. तिथले लोक हातापायांनी स्वतःचे रक्षण करण्याची विद्या शिकत. ती उघड्यावर शिकवत नसत. रात्री, गुरूच्या अंगणात, कुणाला कळू न देता शिकवत.

फुनाकोशी गिचिन नावाचा एक मुलगा असाच रात्री शिकायला जायचा. त्याचा जन्म १८६८ सालचा, शुरी गावातला. लहानपणी तो फार अशक्त होता. रात्री अंधारातून कंदील घेऊन तो गुरूच्या घरी चालत जाई. गुरू त्याला एकच काता पुन्हा पुन्हा करायला लावी, महिनोन् महिने! काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायचे ठोसे, लाथा, अडवणे आणि वळणे. समोर खरा माणूस नसतो, आहे असे समजून करायचे. एकच काता इतके महिने करायचा म्हणजे मला तरी कंटाळा आला असता. पण पुढे हाच मुलगा मोठा होऊन प्राथमिक शाळेत शिक्षक झाला. हो, आपल्या गुरुजींसारखाच प्राथमिक शिक्षक! बरीच वर्षे त्याने शाळेत शिकवले आणि त्याबरोबर कराटेही चालू ठेवले.

आता फुनाकोशीगुरुजी म्हणू, कारण ते मोठे झाले. १९२२ साली टोकियो शहरात एक मोठे क्रीडाप्रदर्शन भरले होते. तिथे त्यांनी कराटे करून दाखवले. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. लोकांनी आग्रह केला म्हणून ते टोकियोतच राहिले. राहायला पैसे नव्हते. म्हणून ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहून ते तिथली झाडलोट करत, अंगण साफ करत आणि उरलेल्या वेळात कराटे शिकवत. पूर्वी कराटे हा शब्द 'चिनी हात' अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. नंतर तो 'रिकामा हात' अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहू लागले. उच्चार तोच राहिला, अक्षर बदलले. फुनाकोशीगुरुजींनी हे नवे अक्षर सगळीकडे रुजवले. रिकामा हात म्हणजे हातात काठी नाही, तलवार नाही, काही नाही. १९५७ साली ते वारले.

कराटे शाळेत कधी आले, हे तुम्हांला सांगितले तर नवल वाटेल. इतोसू आंको नावाचे एक म्हातारे गुरू ओकिनावात होते. फुनाकोशीगुरुजी त्यांच्याकडेही शिकले. १९०१ साली इतोसूंच्या खटपटीमुळे शुरीच्या प्राथमिक शाळेत कराटे शिकवायला सुरुवात झाली. म्हणजे रात्री लपूनछपून शिकायची विद्या दिवसा शाळेच्या पटांगणात आली, आणि एकेकट्याने शिकायची विद्या मुलांनी रांगेत उभे राहून एकदम करायची झाली. जुने काता मुलांना अवघड जात, म्हणून इतोसूंनी मुलांसाठी पाच सोपे काता रचले. त्यांचे नाव पिनान. फुनाकोशीगुरुजी त्यांना हेइआन म्हणू लागले. त्याचा अर्थ शांतता असा आहे. मारामारीच्या विद्येला शांतता नाव का दिले असेल, असे मी ताईला विचारले. ती म्हणाली, "पाचही शिकून झाले की मला परत विचार." मला सध्या पहिलाच येतो. तोही डावीकडे वळताना पाय कुठला, हे अजून पाहावे लागते.

आता नव्या वर्षाकडे वळू.

जपानमध्ये १८७३ सालापासून १ जानेवारीला नवे वर्ष धरतात. आपला जसा गुढीपाडवा वेगळ्या दिवशी येतो तसे त्यांचेही पूर्वी चंद्राच्या पंचांगाप्रमाणे वेगळ्या दिवशी येई. ३१ डिसेंबरच्या रात्री तिथल्या बौद्ध देवळांत मोठ्या घंटेचे १०८ टोले देतात. १०८ आकडा आपल्याला माहीतच आहे. आजीच्या जपमाळेत मणी १०८ असतात. माणसाच्या मनाला त्रास देणाऱ्या १०८ वासना आहेत आणि एकेका टोल्याने एकेक जाते, अशी त्यांची समजूत आहे. कुठेकुठे कराटेवाले नव्या वर्षाच्या सरावात ठोसे किंवा काता १०८ वेळा करतात, ते याच आकड्यावरून.

जानेवारीत जपानमध्ये थंडी फार कडक असते. ५-६ जानेवारीपासून फेब्रुवारीच्या ३-४ तारखेपर्यंत वर्षातला सर्वांत थंड काळ मानतात. त्या काळाला 'कान' म्हणतात. आणि 'केइको' म्हणजे सराव. दोन्ही मिळून कानगेइको, म्हणजे थंडीतला सराव. ज्या दिवसांत अंथरुणातून पाय बाहेर काढवत नाही नेमक्या त्याच दिवसांत हे लोक पहाटे जमतात. सलग काही दिवस, कुठे आठवडा, कुठे दहा दिवस. कपडे पातळ पांढरे, पाय अनवाणी. काही ठिकाणी बर्फावर उभे राहतात, काही ठिकाणी समुद्राच्या पाण्यात उतरून ठोसे मारतात. ओकिनावा दक्षिणेकडे असल्यामुळे तिथे मात्र थंडी बेताची असते, असे भूगोलावरून कळते.

दुसरी चाल आहे कागामी बिराकी. ती बहुतेक ठिकाणी ११ जानेवारीला असते. नव्या वर्षासाठी चिकट तांदूळ वाफवून, उखळात कुटून त्याचे दोन गोल गोळे करतात. मोठा खाली, लहान वर, आणि त्यावर संत्र्यासारखे एक आंबट फळ. (आपण मोदकाची उकड मळतो तसे नाही हं, ते उखळीत मुसळाने कुटतात.) हे गोळे तसेच ठेवले की वाळून दगडासारखे होतात, तडकतात. ११ तारखेला ते फोडतात. सुरीने कापायचे नाही, कापणे अशुभ मानतात. हाताने नाहीतर लाकडी हातोडीने फोडायचे. मग ते तुकडे लाल चवळीसारख्या दाण्यांच्या गोड कढणात घालून सगळे मिळून खातात. ज्युडो या खेळाचे संस्थापक कानो जिगोरो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान नावाची संस्था काढली. तिथे १८८४ पासून ही चाल सुरू झाली आणि मग कराटेसह इतर खेळांच्या जागीही गेली. कराटेचा पांढरा पोशाख आणि पट्टेही ज्युडोवरूनच आले आहेत. फुनाकोशीगुरुजींनी १९२४ साली पहिल्यांदा काळे पट्टे दिले.

यात संकल्प कुठे आहे? जपानी लोकही नव्या वर्षाला संकल्प करतात. पण कराटे शिकण्याच्या जागेत, तिला डोजो म्हणतात, तिथे आधी सगळे मिळून सराव करतात. 'मी करीन' असे लिहून ठेवण्याऐवजी पहिल्याच दिवशी करूनच टाकतात. माझ्या आबांना हे फार पटले. ते तरुणपणी तालमीत जायचे. तालमीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद घालत, ती खणायची आणि मग जोर-बैठका. आबा म्हणाले, "आम्ही कधी संकल्प-बिंकल्प केला न्हाई. वस्ताद दारात उभा असायचा. एक दिवस न्हाई गेलं की दुसऱ्या दिवशी पोरं घरी बोलवायला यायची. मग जावंच लागायचं." आपल्याकडे रथसप्तमीला शाळांमध्ये सामुदायिक सूर्यनमस्कार घालतात, त्यातही हेच आहे. घरी एकट्याने बारा नमस्कार घालायला जीव जातो. ओळीत कसे होतात ते कळतही नाही.

आता मागच्या वर्षी आपल्या शाळेत काय झाले ते सांगते. मी तेव्हा तिसरीत होते. ताईने पहिल्यांदाच हा सराव घेतला. पहिल्या दिवशी ३१ मुले आली. त्यातली निम्मी गंमत बघायला आली होती. तिसऱ्या दिवशी १९ राहिली. चौथ्या दिवशी १४. ताईने तोंड वाईट केले नाही. तिने एक नियम केला. हा नियम जपानचा नाही, तिचा स्वतःचा आहे. नियम असा, की प्रत्येकाने रांगेतली आपली जागा ठरवून घ्यायची. जो येणार नाही त्याची जागा मोकळी ठेवायची, तिथे दुसऱ्याने सरकायचे नाही.

याचे कारण मोजणीत आहे. कराटेत ठोसे जपानी आकड्यांनी मोजतात. ते आकडे असे : इची, नी, सान, शी, गो, रोकू, शिची, हाची, क्यू, जू. झाले दहा. पहिला मुलगा मोठ्याने दहा मोजतो आणि त्याच्या प्रत्येक आकड्यावर सगळे ठोसा मारतात. मग दुसरा मोजतो. मग तिसरी. असे रांगेच्या शेवटपर्यंत. म्हणजे तुझ्या दहांवर सगळी रांग चालते. पहिलीतल्या मुलानेही मोजले की सातवीतल्या दादालाही त्याच्या आकड्यावर हात हलवावा लागतो. आपल्या शाळेत एरवी कोण कुणाचे ऐकते!

आणि जो आला नाही त्याची पाळी आली की काय करायचे? कुणीही मोजायचे नाही. दहा ठोसे मुक्याने मारायचे. नुसता बाह्यांचा आवाज येतो, फट्, फट्. चौथ्या दिवशी एका ओळीत तीन जागा मोकळ्या होत्या. सलग तीस ठोसे मुक्याने मारले. कसंतरीच वाटलं. सराव संपल्यावर आम्ही कुणी न सांगता त्या तिघांच्या घरावरून गेलो आणि हाका मारल्या. एक तर गोधडीतून बाहेर येऊन म्हणाला, "माझे दहा कोण मोजलं?" कोणीच नाही, असे सांगितल्यावर तो दुसऱ्या दिवशी आपणहून आला. अकराव्या दिवशी २३ मुले होती.

गुरुजींनी या मोजणीचे गणितच घातले, ते इथे देते. शेवटच्या दिवशी ५०० ठोसे मारायचे आहेत. प्रत्येकाने एका पाळीत १० मोजायचे. मुले २५ असतील तर? २५ गुणिले १० म्हणजे २५०. दोन पाळ्यांत ५०० पुरे. बरोबर वाटणी झाली. मुले १७ असतील तर? एका पाळीचे १७०, दोन पाळ्यांचे ३४०. राहिले १६०. म्हणजे १६ जणांना तिसऱ्यांदा मोजावे लागेल आणि एकाची पाळी येणारच नाही. तो रुसेल, असे उत्तर आमच्या वर्गातल्या एकाने दिले. गुरुजींनी त्यालाही पूर्ण गुण दिले.

ठोसा कसा मारायचा हे पालकांनाही कळावे म्हणून लिहिते, कारण बऱ्याच जणांना वाटते की मुठी वळल्या की झाले. आधी चार बोटे मिटून घट्ट गुंडाळायची. अंगठा आत घ्यायचा नाही, आत घेतला तर तो मोडेल. तो बाहेरून पहिल्या दोन बोटांवर आडवा दाबायचा. मनगट सरळ पाहिजे, वाकडे नको. लागते ते फक्त अंगठ्याकडच्या पहिल्या दोन सांध्यांनी. मूठ कमरेजवळ उताणी ठेवायची. तिथून सरळ पुढे न्यायची आणि शेवटच्या वितीभर अंतरात पालथी करायची. याच वेळी दुसरा हात तितक्याच जोराने मागे कमरेला खेचायचा. या मागे खेचण्याला फार महत्त्व आहे. ताई म्हणते, नवीन मुले पुढच्या हाताकडे बघतात आणि मागचा विसरतात. जोर खांद्यातून येत नाही, कमरेतून येतो. विहिरीवरून पोहरा ओढताना आई कशी कंबर फिरवते, तसे काहीसे. ठोशाबरोबर श्वास सोडायचा. शेवटच्या दहाव्याला पोटातून ओरडायचे, त्याला किआई म्हणतात. पहिल्या दिवशी सगळ्यांना ओरडायची लाज वाटते. मुलींना जास्त. दुसऱ्या दिवशी इतके ओरडलो की देवळाच्या कट्ट्यावर बसलेले लोक बघायला आले.

उभे राहण्याच्याही पद्धती आहेत. पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताठ ठेवायचा ती झेनकुत्सू दाची. घोड्यावर मांड ठोकल्यासारखे दोन्ही गुडघे वाकवायचे ती किबा दाची. किबा दाचीत दोन मिनिटे उभे राहिले की मांड्या थरथरतात. ते थंडीने नाही बरं का!

थंडीचेही थोडे शास्त्र सांगते. थंडीत स्नायू आखडलेले असतात. एकदम जोराची हालचाल केली तर ताण बसून दुखापत होते. म्हणून आल्याबरोबर ठोसे मारायचे नाहीत. आधी पटांगणाला सावकाश फेऱ्या, मग मान, खांदे, कंबर, गुडघे, घोटे. हालचाल केली की स्नायूंमध्ये उष्णता तयार होते, हृदय भरभर चालते आणि गरम रक्त हातापायांच्या बोटांपर्यंत पोचते. म्हणून पंधरा मिनिटांनी स्वेटर काढावासा वाटतो. तोंडातून वाफ निघते ती म्हणजे आपल्या श्वासातले पाणी, बाहेरच्या गार हवेत त्याचे बारीक थेंब होतात. सराव थांबल्यावर मात्र लगेच अंगावर घालायचे, नाहीतर घाम गार होऊन थंडी वाजते. ताप, खोकला, दमा असेल त्याने ताईला आधी सांगायचे. त्याला मोजायला बसवतात. मोजणाऱ्याची पाळी कुणी काढून घेत नाही.

डोजोची एक गोष्ट मला सगळ्यांत आवडते. सरावाआधी किंवा नंतर जागा सर्वांनी मिळून झाडायची-पुसायची. लहान-मोठा भेद नाही. आपला डोजो म्हणजे पटांगण. ताईने पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात खराटा दिला आणि मुलींना पाण्याचा सडा मारायला सांगितले. दुसऱ्या दिवशी उलट. एका मुलाच्या आजीने नातवाच्या हातात खराटा पाहिला. ती म्हणाली, "घरी पाण्याचा तांब्या उचलत नाही, आन् हितं झाडतोय?" त्या दिवसापासून त्याला घरीही झाडावे लागते. तो ताईवर अजून थोडा रागावलेला आहे.

सुरुवातीला आणि शेवटी गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून थोडा वेळ शांत राहायचे असते. मग एकमेकांना वाकून नमस्कार. ज्याच्याबरोबर सराव केला त्यालाही नमस्कार. आपापसांत भांडण झालेल्या दोन मुलांना ताई मुद्दाम समोरासमोर उभी करते. जोडीच्या सरावात ठोसा समोरच्याला लागू द्यायचा नाही, अंगाच्या अलीकडे थांबवायचा. मारण्यापेक्षा थांबवणे कठीण आहे. तुम्ही करून बघा.

ओकिनावातल्या कियुना र्यो नावाच्या खेळाडूची गोष्ट सांगायलाच हवी. टोकियोचे ऑलिंपिक २०२० साली व्हायचे होते, ते साथीमुळे २०२१ मध्ये झाले. त्यात कराटे पहिल्यांदाच आले. ६ ऑगस्ट २०२१ रोजी कियुनाने काता प्रकारात सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा तो ओकिनावाचा पहिला माणूस. पदक घेताना त्याच्या हातात वारलेल्या आईचा फोटो होता. ताईने मोबाइलवर आम्हांला तो काता दाखवला. तो एकटाच करत होता, समोर कुणी नाही. पण त्याच्या डोळ्यांकडे बघून समोर माणूस आहे असेच वाटत होते. नंतरच्या २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कराटे नव्हते. ऐकून आम्हांला वाईट वाटले.

आता पालकांसाठी चार ओळी.

आमच्या चौथीच्या वर्गात १५ मुले आहेत, त्यात ६ मुली. जूनमध्ये पाचवीसाठी आम्हांला शेजारच्या गावच्या शाळेत जायचे आहे. रस्ता तीन किलोमीटर. दोन्ही बाजूंना ऊस. सहापैकी दोघींच्या घरी अजून ठरलेले नाही. 'एवढ्या लांब पोरीला कशी पाठवायची' असे म्हणतात. म्हणून मी ताईला विचारले की कराटे शिकलं म्हणजे रस्त्यात कुणी आडवं आलं तर त्याला पाडता येईल का? ती हसली नाही. म्हणाली, "दहा वर्षांच्या मुलीनं मोठ्या माणसाला पाडायचं नसतं. किआई देऊन ओरडायचं, हात सोडवून घ्यायचा आणि पळायचं. आणि एकटीनं जायचंच नाही. सहाजणी मोजून निघायचं, सहाजणी मोजून पोचायचं." हात धरला तर कसा सोडवायचा तेही तिने शिकवले आहे. धरणाऱ्याचा अंगठा ज्या बाजूला असेल त्या बाजूने मनगट वळवून झटका द्यायचा, कारण त्याची पकड तिथे उघडी असते. हे मी घरी आबांवर करून दाखवले. आबांनी मुद्दाम सोडला असेल, असे भाऊ म्हणतो. मग मी भावावर करून दाखवले.

आणखी एक अडचण काही घरी सांगतात. पहाटेचे पाणी भरायचे असते, म्हशीखालचे शेण काढायचे असते, लहान भावंडाला धरायचे असते. ते खरेच आहे. आम्ही असे ठरवले आहे की सराव संपला की शेजारपाजारच्या दोघी-दोघींनी मिळून एकीचे पाणी आणि मग दुसरीचे पाणी भरायचे. आईला उशीर होणार नाही. भाऊ मोठा असेल तर त्यानेही एक घागर आणायला हरकत नाही, असे ताईचे मत आहे. माझेही आहे.

सराव १ ते ११ जानेवारी, सकाळी सहा ते पावणेसात. रविवारीही आहे. फी नाही. पांढरा पोशाख नसला तरी चालेल, शाळेचा गणवेश किंवा सैल कपडे घालावेत. बांगड्या, कडे, साखळी घरी काढून ठेवावी, जोडीच्या सरावात लागते. नखे कापलेली पाहिजेत. चपला ओट्याच्या पायरीखाली ओळीत, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवायच्या. ११ तारखेला जपानी तांदळाचे गोळे आपल्याला मिळणार नाहीत, म्हणून बाईंनी शेंगदाणे-गुळाची मोठी ढेप करायचे कबूल केले आहे. ती सुरीने कापायची नाही. पहिलीतला सर्वांत लहान मुलगा लाकडी हातोडीने फोडणार आहे.

रांगेतल्या जागा ठरल्या आहेत, त्यांची यादी या लेखाच्या उजव्या बाजूला लावली आहे. माझी जागा सातवी. आठवी जागा माझ्या शेजारच्या मैत्रिणीसाठी धरून ठेवली आहे, तिच्या घरी अजून विचारायचे आहे. नाव लिहायला जागा मोकळी सोडली आहे. पेन्सिल दोरीने बांधून खिळ्याला अडकवली आहे. पालकांनी स्वतः लिहिले तरी चालेल.